डागी हिऱ्याची नजर

नागावच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओल्या वाळूवर काळ्या नागमोडी रेघा उमटतात. लाट मागे फिरताना हलकी वाळू ओढून नेते आणि जड काळे कण तिथंच टाकून जाते. लहानपणी मे महिन्यात आम्ही मुलं या रेघांच्या मागावर असायचो. मोडक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक सुतळीला बांधायचं, वाळूतून फरफटत न्यायचं आणि त्याला फुटलेली काळी दाढी ओरबाडून फिल्म-रोलच्या रिकाम्या डबीत भरायची. वाडीतले आप्पा एकदा सुपाऱ्या सोलता सोलता म्हणाले होते, "दगडाची वाळू झाली तरी त्याची खोड जात नाही बघ."

आप्पांचं वाक्य शास्त्राच्या पुस्तकात शोभावं असं होतं, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. चुंबकाला चिकटणारे हे कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे. सह्याद्रीचा काळा दगड झिजतो, त्यातले हे कण ओढ्या-खाड्यांतून किनाऱ्यावर येतात. मूळ दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो लाव्हा थंड होत असताना त्यातल्या चुंबकीय कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा स्वतःत गोठवून ठेवली. 1950च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनचे दगड तपासले. डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा 1959चा निबंध याच कामाचा. दगडांनी साक्ष दिली, की हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

नागावच्या शेजारी अक्षीला शके 934चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे. तो दगडावर कोरलेला असल्याने वाचायला डोळे पुरतात. दगडाच्या आत लिहिलेलं वाचायला मात्र चुंबकत्व मोजावं लागतं. आणि त्या शास्त्रज्ञांनी मोजले ते मूठभर आकाराचे तुकडे होते. एकेका तुकड्यात असंख्य कण, त्यामुळे हाती आली ती सगळ्यांची सरासरी. गावसभेत हजार माणसं एकदम बोलावीत आणि आपण गलका मोजावा, तसं. एकट्या कणाला विचारायचं तर काय?

या प्रश्नाच्या उत्तराची कथा शंभरावर वर्षांची आहे. तिच्यातली एका मोठ्या माणसाची चाल नागावपासून आठेक किलोमीटरवर, अलिबागेत खेळली गेली. त्या चालीच्या आधीचा एक दिवस मात्र आधी पाहायला हवा.

*

2 सप्टेंबर 1859ची सकाळ. मुंबईची कुलाबा वेधशाळा. ईस्ट इंडिया कंपनीने 1826मध्ये ती बांधली, 1840च्या दशकापासून तिथं चुंबकीय नोंदी होत होत्या. तेव्हा कागदावर आपोआप रेघ ओढणारं यंत्र तिथं नव्हतं. टांगलेल्या चुंबकाची हालचाल निरीक्षक डोळ्यांनी टिपत आणि वहीत लिहीत. एरवी तासाला एक नोंद. चुंबक अस्वस्थ झाला की पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनीही.

त्या दिवशी तो अस्वस्थ झाला, आणि असा की तसं पुन्हा कोणी पाहिलं नाही. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक लख्ख झोत उमटलेला पाहिला होता. त्यानंतर सतरा-अठरा तासांत सूर्याकडून सुटलेला लोंढा पृथ्वीवर आदळला. तारायंत्रं बिघडली, एरवी ध्रुवांजवळ दिसणारे प्रकाश-पडदे फार खालच्या अक्षांशांवर दिसले. कित्येक ठिकाणच्या स्वयंचलित यंत्रांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याचा माणूस मात्र आकडे लिहीत राहिला.

त्या वह्या जपल्या गेल्या. 2003 साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि शोभना अलेक्स यांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह त्या आकड्यांतून वादळाचं बळ काढलं. कुलाब्याला पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी कोसळला होता. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे एका अगदी वेगळ्या ठिकाणी भेटणार आहे. अंदाज यावा म्हणून सांगतो. आपल्याकडे हा आडवा भाग आज साधारण 38 हजार नॅनोटेस्ला आहे, आणि एखाद्या शांत दिवशी सकाळ ते संध्याकाळ त्यात होणारा बदल काही दहा नॅनोटेस्लांचा असतो.

*

योगायोग असा, की त्याच 1859 सालच्या ऑक्टोबरात नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. 1896मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. हाती अर्ध्या शतकाच्या नोंदी आणि समोर एक संकट. मुंबईची ट्राम विजेवर धावणार होती.

1874पासून ट्राम घोडे ओढत होते आणि घोड्यांबद्दल चुंबकसुईची फारशी तक्रार नव्हती. विजेच्या ट्रामची गोष्ट वेगळी. तिच्या तारेतून येणारा एकाच दिशेचा प्रवाह रुळांतून परत जातो, आणि त्यातला काही भाग रूळ सोडून जमिनीत पाझरतो. प्रवाह तिथे चुंबकीय क्षेत्र. म्हणजे बोरीबंदरावर ट्राम सुटली की कुलाब्याची सुई डुलणार, थांबली की पुन्हा डुलणार. पृथ्वीच्या काही दहा नॅनोटेस्लांच्या रोजच्या श्वासोच्छ्वासात शहराचा गोंधळ मिसळला की दोन्ही वेगळे करता येणार नाहीत.

मूस यांच्यापुढे पेच होता. ट्राम थांबवता येत नाही. नोंदींची मालिका तोडायची तर पन्नास वर्षांचं काम एका रेघेवर संपतं. कारण नव्या जागेचा आकडा जुन्या जागेच्या आकड्याला जुळत नाही. खालचा दगड बदलला की चुंबकत्व बदलतं.

त्यांनी काढलेला मार्ग सुरेख होता. ट्राम येण्याआधीच निघायचं, पण निघताना जुनं घर लगेच सोडायचं नाही. जागा निवडली ती दर्यापारच्या अलिबागेत, मुंबईच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर. पोरबंदरच्या अचुंबकीय दगडाची घरं बांधली. लोखंडाचा खिळासुद्धा नको म्हणून तांब्या-पितळेचं सामान वापरलं. निरीक्षकाने आत शिरण्याआधी खिशातल्या किल्ल्या आणि चाकू बाहेर ठेवायचा, ही अशा घरांची रीत. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्ही आकड्यांतला फरक पक्का बसला, मालिकेची गाठ मारून झाली, आणि मग कुलाब्याची चुंबकीय यंत्रं थांबली. 7 मे 1907 रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा सुई समुद्रापलीकडे सुरक्षित होती.

1910 साली मूस यांनी 1846 ते 1905 या काळातल्या नोंदींचे आणि त्यांच्या विवेचनाचे दोन जाडजूड खंड छापले. मालिका अलिबागेत पुढे चालू राहिली.

मला या प्रसंगात एक धडा दिसतो. चुंबकत्व मोजणाऱ्याचं खरं हत्यार म्हणजे अंतर. पृथ्वीचं ऐकायचं तर गोंगाटापासून दूर जा. मूस दूर गेले. याच धड्याची उलटी बाजू समजायला मात्र आणखी शंभर वर्षं लागली. अगदी लहान गोष्टीचं ऐकायचं, तर तिच्या कानाशी जा.

*

किती जवळ, याचा हिशोब कागदावर करता येतो. सगळ्यात लहान चुंबक म्हणजे एक इलेक्ट्रॉन. छोट्या चुंबकाचं बळ अंतराच्या घनाने घटतं. अंतर दसपट केलं की बळ हजारावा भाग उरतं. एका इलेक्ट्रॉनपासून मिलिमीटरभर दूर उभं राहिलं तर त्याचं क्षेत्र एका नॅनोटेस्लाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास. शून्यच म्हणा. 100 नॅनोमीटरवर ते दोन नॅनोटेस्लांपेक्षा थोडं कमी. आणि 10 नॅनोमीटरवर?

इलेक्ट्रॉनच्या अक्षावर, 10 नॅनोमीटर अंतरावर, उत्तर येतं सुमारे 1,800 नॅनोटेस्ला. कुलाब्याच्या वहीतलं ते महावादळ जेवढं, जवळपास तेवढंच. ज्या वादळाने जगभरची तारायंत्रं बिघडली, तेवढं बळ एकटा इलेक्ट्रॉन दाखवतो. अट एकच. मोजणाऱ्याने त्याच्या शेजारी जाऊन बसायचं.

आणि इथंच सगळं अडलेलं होतं. मोजणारं यंत्र स्वतः मिलिमीटरभर जाडीचं असेल तर ते 10 नॅनोमीटरवर बसणार कसं? हत्तीला मुंगीच्या कानात बोलायला सांगण्यासारखं ते. स्क्विड नावाची अतिसंवेदनशील यंत्रं होती, पण ती द्रव हेलियमच्या थंडीत, उणे 269 अंशांच्या आसपास चालायची. चुंबकीय टोकाचा सूक्ष्मदर्शक पृष्ठभागाजवळ जायचा, पण ते टोक स्वतःच चुंबक. ज्याला पाहायचं त्यालाच ते ढकलून द्यायचं. 2004 साली आयबीएमच्या डॅनियल रुगार यांच्या गटाने एका इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व टिपून दाखवलं, तो मोठा विक्रम होता. तरीही तापमान निरपेक्ष शून्याच्या दीड-दोन अंश वर. त्या थंडीत जिवंत पेशी किंवा चालू असलेली चिप ठेवता येत नाही.

हवा होता अणूएवढा मोजणारा, जो साध्या खोलीच्या उबेत काम करेल आणि समोरच्याला धक्का लावणार नाही.

तो हिऱ्यात बसलेला होता. हिऱ्याच्या डागात.

*

झवेरी बाजारात डागी हिऱ्याला किंमत नाही. शास्त्रज्ञांना मात्र हिऱ्याच्या डागांनी फार जुनं वेड लावलेलं आहे. 1940च्या दशकात बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅना मणी नावाची तरुणी हिऱ्यांची चमक तपासत होती. हिऱ्यावर प्रकाश टाकला की काही हिरे स्वतः निळे, काही पिवळसर-हिरवे उजळतात. ती क्षीण चमक छायाचित्राच्या काचेवर उतरायला पंधरा-वीस तास काच उघडी ठेवावी लागे. पुढे 1948मध्ये अ‍ॅना मणी पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि त्यांनी देशाला हवामानाची उपकरणं घडवायला शिकवलं. अलिबागची वेधशाळाही तेव्हा त्याच खात्याची होती. 1971मध्ये भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली तेव्हा ती त्या संस्थेकडे गेली. हिऱ्याची चमक आणि अलिबागची सुई एकाच खात्यात नांदत होत्या आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

अ‍ॅना मणी पाहत होत्या त्या चमकेमागे हिऱ्यातला नायट्रोजन होता, हे नंतर स्पष्ट झालं. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची काटेकोर वीण. त्या विणीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसला आणि त्याच्या लगतची जागा रिकामी राहिली, की तयार होतं नायट्रोजन-पोकळी केंद्र. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात एनव्ही म्हणतात. 1965 साली दक्षिण आफ्रिकेत लुई द्यु प्रे यांनी आपल्या प्रबंधात हा डाग ओळखला. हिऱ्यावर वेगवान इलेक्ट्रॉन मारले की विणीत भोकं पडतात. मग हिरा तापवला की ती भोकं सरकत सरकत नायट्रोजनजवळ जाऊन थांबतात.

या डागाचे गुण तीन. हिरवा लेझर टाकला की तो लाल उजळतो. त्याच्यातले इलेक्ट्रॉन मिळून एका इवल्या चुंबकासारखे वागतात. आणि त्या चुंबकाची अवस्था लाल प्रकाशाच्या तेजावरून कळते.

कोकणातल्या घराच्या पडवीत झोपाळा असतो. तो भलत्याच लयीत ढकलला तर हलतो न हलतोसा. त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलला की आढ्याला भिडतो. या डागाचीही एक लय आहे, 2.87 गिगाहर्ट्झ. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या लहरींपेक्षा थोडी जलद. नेमक्या त्या लयीच्या लहरी दिल्या की डागाची अवस्था बदलते आणि लाल प्रकाश मंदावतो. आलेख काढला तर 2.87वर एक खड्डा दिसतो. आता जवळ चुंबक आणा. खड्ड्याचे दोन खड्डे होतात आणि एकमेकांपासून दूर सरकतात. दर मिलिटेस्लाला प्रत्येक खड्डा 28 मेगाहर्ट्झ हलतो. पृथ्वीच्या क्षेत्राएवढं बळ डागाच्या दिशेत असेल तर दोघांतलं अंतर दोन-अडीच मेगाहर्ट्झ पडतं. म्हणजे प्रकाश मंदावतो कुठे एवढं पाहायचं, आणि चुंबकत्वाचा आकडा हातात येतो. ना टांगलेली सुई, ना हेलियमची थंडी.

खोलीच्या उबेत हे टिकतं ते हिऱ्याच्या कडकपणामुळे. त्याची वीण इतकी ताठ की उष्णतेची थरथर डागापर्यंत फारशी पोहोचत नाही. शिवाय शंभरातले जवळपास नव्व्याण्णव कार्बन अणू चुंबकीय दृष्ट्या मुके, त्यामुळे शेजाऱ्यांची बडबड नाही. अलिबागला मूस यांनी पोरबंदरचा दगड वापरून जी शांतता बांधून घेतली, ती डागाला हिरा जन्मतः देतो.

*

1997 साली जर्मनीतल्या केमनिट्झ विद्यापीठात यॉर्ग व्राख्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी एक मोठी पायरी ओलांडली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी एकच डाग वेगळा काढला आणि खोलीच्या तापमानाला त्याची लय ऐकली. अब्जावधींची सरासरी नाही, एकटा डाग. तरी त्याचा चुंबकमापक म्हणून उपयोग होईपर्यंत आणखी अकरा वर्षं गेली.

2 ऑक्टोबर 2008. 'नेचर' साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ आले. एक हार्वर्डचा, मिखाइल लुकिन यांच्या गटाचा. दुसरा व्राख्ट्रुप यांच्या स्टुटगार्टच्या गटाचा, त्यावर पहिलं नाव गोपालकृष्णन बालसुब्रमण्यन यांचं. दोन्हींचा दावा एकच, हिऱ्यातल्या एकट्या डागाने नॅनोमीटरच्या पातळीवर चुंबकीय क्षेत्र मोजता येतं. स्टुटगार्टच्या गटाने हिऱ्याचा नॅनोकण सूक्ष्मदर्शकाच्या सुईच्या टोकाला चिकटवून चुंबकीय रचनेचं चित्रही काढलं. आंधळा माणूस बोटाने ब्रेल चाचपतो, तसं टोक पृष्ठभागावरून फिरवायचं आणि प्रत्येक बिंदूवर लाल प्रकाशाचा खड्डा वाचायचा.

चिकटवलेला कण मात्र भरवशाचा नव्हता. 2012मध्ये पॅट्रिक मालेटिन्स्की आणि हार्वर्डमधल्या सहकाऱ्यांनी टोकच हिऱ्याचं घडवलं. एका अखंड हिऱ्यातून कोरलेला इवलासा खांब आणि त्याच्या शेंड्यात एकच डाग. पुढच्याच वर्षी मायकेल ग्रिनोल्ड्स आणि सहकाऱ्यांनी ते टोक एका इलेक्ट्रॉनच्या वर, 50 नॅनोमीटरवर नेलं. आपल्याच हिशोबाने तिथं मिळणारं क्षेत्र फार तर पंधराएक नॅनोटेस्ला. अलिबागची सुई शांत दिवसात जेवढी हलते, त्याहूनही कमी. लहरींचे ठोके नेमक्या क्रमाने देत त्यांनी बाकीचा गोंगाट गाळला, आणि साध्या खोलीच्या तापमानात त्या एका इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा काढला.

मूस यांच्या वहीत पृथ्वी होती. या वहीत एक इलेक्ट्रॉन. दोन्ही आकडे एकाच एककात सांगता येतात.

*

एकच टोक बिंदूबिंदूने फिरवायचं म्हणजे फार सावकाश काम. म्हणून दुसरी वाट निघाली. हिऱ्याच्या पातळ चकतीच्या पृष्ठभागालगत डागांचा दाट थर तयार करायचा, चकती वस्तूवर पालथी ठेवायची, वरून हिरवा लेझर सोडायचा आणि खालचा सगळा लाल उजेड कॅमेऱ्याने एकदम टिपायचा. कॅमेऱ्याचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र वेधशाळा. हिऱ्याच्या विणीत डाग चार दिशांना तोंड करून बसू शकतात, त्यामुळे क्षेत्राचं बळ आणि दिशा, दोन्ही कळतात. यात प्रकाशाची मर्यादा आड येते, नजर मायक्रॉनच्या आसपास थांबते. टोकाची बारकाई जाते, पण वेग आणि विस्तार मिळतो. यालाच हिऱ्याचा क्वांटम सूक्ष्मदर्शक म्हणतात.

त्याने केलेलं एक काम आपल्या मातीशी जोडलेलं आहे. 1940 साली मध्य प्रदेशातल्या मंडला भागात सेमरकोना इथं एक उल्का पडली. ती सूर्यमालेइतकीच जुनी. तिच्यात मिलिमीटरहून लहान गोळ्या आहेत, ग्रह घडण्याआधी सूर्याभोवतीच्या वायू-धुळीत थिजलेल्या. 2014 साली अमेरिकेत रॉजर फू आणि सहकाऱ्यांनी त्या एकेकट्या गोळ्यांचं चुंबकत्व तपासलं आणि त्यासाठी स्क्विडबरोबर हिऱ्याचीही मदत घेतली. उत्तर आलं सुमारे 54 मायक्रोटेस्ला, म्हणजे 54 हजार नॅनोटेस्ला. आज पृथ्वीचं क्षेत्र ज्या घरात आहे, त्याच घरात. पृथ्वी जन्मण्याआधी त्या धुळीत चुंबकत्व होतं आणि ते किती होतं, याची साक्ष मंडलाच्या दगडातल्या कणांनी दिली.

मी हे वाचलं तेव्हा मला माझी डबी आठवली.

*

आता मुंबईत परत येऊ. पवईच्या तलावाजवळ, आयआयटी मुंबईत, प्रा. कस्तुरी साहा यांचा गट असाच सूक्ष्मदर्शक घडवत होता. चित्र काढायला लागणारा वेळ ही या यंत्राची जुनी अडचण. प्रत्येक ठिपक्याचा खड्डा मोजायचा तर प्रतिमा पुरी व्हायला वेळ जातो, आणि तेवढ्यात मोजायची गोष्टच बदलून जाते. 2022 साली या गटाने 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये सेकंदाहून कमी वेळात बदलणाऱ्या क्षेत्राची चित्रं टिपण्याची पद्धत दाखवली. युक्ती अशी, की लहरींची लय ठरावीक ठोक्यावर मागेपुढे करायची आणि कॅमेऱ्याने फक्त त्याच ठोक्यावर हलणारा प्रकाश मोजायचा. बाजाराच्या गोंगाटातही आपल्या माणसाची टाळी ओळखू यावी, तसं.

एप्रिल 2023मध्ये केंद्र सरकारने 6,003.65 कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातलं संवेदन आणि मापन या विषयाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आलं. जून 2024मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने याच गटाबरोबर चिपची तपासणी करणारं हिऱ्याचं यंत्र घडवायचं जाहीर केलं. आजच्या चिपमध्ये तारांचे थर एकावर एक रचलेले असतात. आतली एखादी तार तुटली तर वरून काही दिसत नाही, आणि चिप फोडली तर पुरावाच नाहीसा होतो. पण प्रवाह जिथून वाहतो तिथं चुंबकीय क्षेत्र असतं आणि ते थर भेदून वर येतं. ज्या पाझरत्या प्रवाहाने मूस यांना कुलाब्याहून हुसकावलं, त्याच गुणधर्मावर इथं चिपचा रोग ओळखायचा आहे. नोव्हेंबर 2025मध्ये देशात घडवलेला पहिला क्वांटम डायमंड मायक्रोस्कोप आणि त्याचं पेटंट, दोन्ही गोष्टी दिल्लीत जाहीर झाल्या.

वाचकाला इथं प्रश्न पडायला हवा. ट्रामच्या भीतीने वेधशाळा दर्यापार गेली, मग लोकल, मेट्रो आणि हजारो मोटारींच्या मुंबईत हा सूक्ष्मदर्शक चालतो कसा?

याचंही उत्तर अंतरच. लोकलचं क्षेत्र दुरून येतं, त्यामुळे चकतीच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला ते जवळपास सारखंच असतं. ते वजा करता येतं. चिपमधल्या तारेचं किंवा दगडातल्या कणाचं क्षेत्र मात्र ठिपक्याठिपक्याला बदलतं, कारण ते अगदी लगत आहे. मूस एका बिंदूवर मोजत होते, त्यांना शहर आणि पृथ्वी वेगळी करायची सोय नव्हती. म्हणून त्यांना जावं लागलं, आणि त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पृथ्वीचं मोजायला आजही अलिबागच लागते. पवईचा हिरा तिची जागा घेऊ शकत नाही, आणि अलिबागची वेधशाळा पवईची.

*

गेल्या हिवाळ्यात नागावला गेलो तेव्हा मोबाइलमधलं होकायंत्राचं अ‍ॅप उघडलं. फोनमध्येही चुंबकमापक असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याने चाळीसच्या घरातला मायक्रोटेस्लांचा आकडा दाखवला. मुंबईत लोकलच्या डब्यात हाच आकडा उड्या मारतो, नागावच्या वाळूवर तो बऱ्यापैकी स्थिर राहिला. मूस यांनी हा किनारा का निवडला, ते फोनसुद्धा सांगत होता.

तुम्ही कधी आलात तर एक करून पाहा. ओहोटीच्या वेळी या. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे कण काढायला सोपं जातं. मग काळ्या रेघेवरून फिरवा आणि पिशवी उलटी करून कागदावर झटका.

फक्त एक सांगून ठेवतो. दगडातल्या लिखाणाच्या दृष्टीने त्या कणांचा काही उपयोग नाही. एक तर लाटांनी ते हजारदा उलटेपालटे केले, त्यामुळे ते मूळ कुठे तोंड करून बसले होते हे आता कळणार नाही. दुसरं, आपण चुंबक लावला तेव्हाच 6 कोटी 60 लाख वर्षांची जुनी नोंद आपण बहुधा पुसून टाकली. हिऱ्याखाली ठेवायचा तो दगड खडकातून सरळ कापून आणावा लागतो, कोणती बाजू उत्तरेला होती याची खूण करून, आणि वाटेत कुठल्याही चुंबकाजवळ न नेता. कॉलेजात भूशास्त्र शिकणाऱ्या कुणी हे मनावर घेतलं तर सह्याद्री समोर उभा आहे आणि हिऱ्याचा सूक्ष्मदर्शक आता पवईपर्यंत आलेला आहे.

माझ्या डबीतल्या कणांवर मात्र फक्त एका स्पीकरच्या चुंबकाची सही आहे.